दोन्ही कान स्पष्ट दिसावेत

मोरवंडी नगरपरिषदेनं बागेतल्या लहान पाखरांना ओळखपत्र सक्तीचं केलं, आणि त्यात वत्सलाबाई हेर्लेकरांना सगळ्यात जास्त मनस्ताप कानांनी दिला.

योजनेबद्दल तशी कुणाची तक्रार नव्हती. कुठल्या फांदीवर कोण राहतं, कुणी कुणाचं घरटं बळकावलं, याचा गावात कुणालाच पत्ता नसायचा. त्याला कधीतरी आळा बसायला हवाच होता. ओळखपत्र असेल तर घरटं अधिकृत, नसेल तर विनापरवाना बांधकाम. कावळे-घारी मोठ्या पक्ष्यांच्या खात्यात गेले. तिथं वशिला चालतो म्हणतात, पण आपल्याला काय करायचंय? लहानांचं काम मात्र नियमावर बोट ठेवून व्हायचं. फोटो पासपोर्टच्या मापाचा, पार्श्वभूमी पांढरी, नजर समोर, तोंड मिटलेलं, चष्मा नाही.

आता हा फोटो काढणार कोण? बाजारपेठेतल्या स्टुडिओवाल्यानं पहिल्याच दिवशी हात टेकले. पाखरं स्टुलावर बसतात, पण "मान जरा खाली" म्हटलं की उडून जातात, असा त्याचा अनुभव. मग सगळा भार आला वत्सलाबाईंवर. त्या कन्याशाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला, व्हिडिओ बघून बघून फोटोंची दुरुस्ती शिकून घेतली, आणि अंगणातल्या पाखरांचे फोटो काढायला लागल्या. तोवर शेजारपाजारचे लोक हसायचे. ओळखपत्रं आल्यावर तेच लोक "बाई, आमच्या पेरूवर एक जोडपं उतरलंय, जरा येता का?" म्हणून दारात यायला लागले.

काम नाजूक होतं. चष्मेवाला पक्ष्याचा फोटो "चष्मा काढून यावे" असा शेरा मारून परत आला. वत्सलाबाईंनी कॉम्प्युटरवर बसून त्याच्या डोळ्याभोवतीचं पांढरं कडं पिसांच्या रंगानं बुजवलं. फोटो मंजूर झाला. चष्मेवाला ते ओळखपत्र मान वाकडी करकरून बघत राहिला, स्वतःला तसं कधी बघितलं नव्हतं बिचाऱ्यानं. लाल गालाच्या बुलबुलाला मेकअप उतरवून यायला सांगितलं, तर त्याचे गाल पुसावे लागले. नाचण एक क्षण स्थिर बसेल तर शपथ! तिचं डोकं एका फोटोतून घेतलं, अंग दुसऱ्यातून, आणि एवढी सांधेजोड करूनही ती नाचणच दिसली. वत्सलाबाईंचा हात होताच तसा.

मग पावसाळ्याच्या तोंडावर सुधारित परिपत्रक आलं. त्यात एकच ओळ वाढली होती. दोन्ही कान स्पष्ट दिसावेत.

त्याच सुमाराला शिंपीण नावाच्या पाखरानं वत्सलाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, अंजिराच्या झाडावर शिवणकाम काढलं. अंगठ्याएवढा जीव, पाठीवर हिरवट, डोक्यावर तांबूस, शेपटी कायम वर. कोळ्याच्या जाळ्यातला धागा आणायचा, चोचीनं पानाला भोक पाडायचं, धागा ओवायचा, ओढायचा. कन्याशाळेतल्या शिवणाच्या बाईंना असा टाका कधी जमला नव्हता, हे वत्सलाबाई त्यांच्या तोंडावर सांगायला तयार होत्या. पानाची पिशवी झाली, पिशवीत कापूस गेला, कापसात तीन अंडी आली. सगळं झालं. राहिलं होतं फक्त ओळखपत्र.

वत्सलाबाई फोटो घेऊन नगरपरिषदेत गेल्या. पक्षी ओळखपत्र विभागात तानाजी पिसाळ नावाचे एकच गृहस्थ होते. अर्ज घ्यायचे ते, तपासायचे ते, नाकारायचेही तेच. त्यांनी फोटो उजेडाला धरला.

"बाई, कान कुठायत?"

"अहो, पाखरांचे कान बाहेरून दिसत नाहीत. पिसांखाली असतात."

"मग पिसं मागं घ्यायची. कॉलेजच्या पोरींना आम्ही केस कानामागं घ्यायला सांगतोच की. घेतात त्या."

"कानाला पाळीच नाही तर कानामागं घेणार कसं?"

पिसाळ विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. "कान नसल्याचा दाखला आणलात तर बघता येईल," ते म्हणाले. "पण तो कानाच्या डॉक्टरांचा लागतो. आणि डॉक्टर म्हणणार, तपासायला आधी कान दाखवा. त्यापेक्षा तुम्ही फोटोच नीट काढा ना."

वत्सलाबाईंनी तोही प्रयत्न केला. खिडकीत टेबलफॅन लावून शिंपिणीची पिसं मागे उडवून बघितली. शिंपिणीला वारा आवडला. ती रोज दुपारी पंख्यासमोर येऊन बसायला लागली, पण कान काही दिसले नाहीत. आता ते कान चितारणं एवढंच हातात राहिलं. चित्रकलेच्या बाईंना त्यात काय अवघड, असं तुम्ही म्हणाल. पण वत्सलाबाईंचा नियम होता, समोर वस्तू ठेवल्याशिवाय चित्र काढायचं नाही. चाळीस पोरींच्या वर्गातही त्या टेबलावर खरा पेरू ठेवायच्या. म्हणून त्यांनी समोर काय आहे ते बघितलं, तर समोर दिगंबरराव बसले होते.

दिगंबरराव म्हणजे वत्सलाबाईंचे यजमान. जन्मभर एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. दिवसभर लोकांनी एकच प्रश्न विचारायचा आणि ह्यांनी एकच उत्तर द्यायचं, त्यामुळे ऐकल्याशिवाय बोलायची विद्या त्यांना साधली होती. निवृत्तीनंतर ती घरी आली. वत्सलाबाईंनी विचारावं, "अहो, भाजी कसली करू?" आणि पेपराआडून उत्तर यावं, "फलाट तीन." कधी "लागेल थोड्या वेळात." फारच राग आला तर "रद्द आहे."

आणि गंमत अशी की ऐकायचं नाव नाही, पण कान म्हणाल तर साऱ्या मोरवंडीत तसे नव्हते. रुंद, पातळ, मागून ऊन आलं तर गुलाबी दिसणारे, आणि डावा जरासा बाहेर उभा. हेर्लेकरांचे कान! दिगंबररावांच्या आजोबांना ते होते, वडिलांना होते. तिघांचे फोटो बैठकीच्या भिंतीवर ओळीनं लावलेले. सासूबाईंना त्या कानांचा भारी अभिमान. पण दिगंबररावांना मूल झालं नाही, आणि सासूबाई शेवटपर्यंत फोटोंवरची धूळ पुसता पुसता म्हणायच्या, "हे कान आता भिंतीवरच उरायचे गं." वत्सलाबाई पदर खोचून स्वयंपाकघरात निघून जायच्या. सासूबाई गेल्या, पण ते वाक्य घरातच राहिलं. नवराबायकोनं त्यावर एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता.

"अहो, तुमचे कान घेऊ का?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"लागेल थोड्या वेळात," पेपराआडून आवाज आला.

त्यांनी दोन्ही बाजूंनी फोटो काढले. कान कापून वेगळ्या थरावर घेतले, तांदळाच्या दाण्याएवढे केले, वर हिरवट छटा दिली, कडा मऊ ब्रशनं पिसांत मिसळून टाकल्या. डाव्या कानाचा बाहेरचा बाक तेवढा ठेवला, तो पुसायला मन होईना. काम संपल्यावर मागे सरून बघितलं. शिंपीण पडद्यावरून टक लावून बघत होती, दोन्ही कान स्पष्ट. दिसतही होती बरी.

ओळखपत्र आठवड्यात आलं. वत्सलाबाईंनी ते दोऱ्यानं अंजिराच्या फांदीला बांधलं. शिंपिणीनं त्याला दोनदा चोच मारली आणि दोऱ्यातला एक पदर काढून घरट्याला लावला.

मग एक दिवस पिसाळ जागेवर पडताळणीला आले. पडताळणी सगळ्यांचीच व्हायची. त्यांनी ओळखपत्र हातात घेतलं, भिंग काढलं, शिंपिणीकडे बघितलं, ओळखपत्राकडे बघितलं, आणि मान हलवली.

"हा तो पक्षी नव्हे."

"अहो, असं काय करता! तीच आहे ती."

"ओळखपत्रावर कान आहेत. हिला नाहीत. आता कागद खोटा असायचा प्रश्नच येत नाही, त्यावर आमचा शिक्का आहे. म्हणजे पक्षी खोटा. तोतया आहे हा, बाई. खऱ्या शिंपिणीला हुसकून हा घरटं बळकावून बसलाय."

वत्सलाबाईंनी ओळखपत्रावरच्या कानांवर बोट ठेवलं. "पिसाळसाहेब, खरं सांगते, ते कान मी लावलेत. फोटोत."

पिसाळांनी इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "असं भलतंसलतं बोलू नका. शिक्का बसल्यावर कुणी काही लावलेलं नसतं."

आणि त्यांनी नोटीस काढली. खऱ्या पत्रधारकानं सोमवारी जातीनं घरट्यापाशी हजर राहून ओळख पटवावी. नाहीतर बांधकाम पानासकट उतरवण्यात येईल आणि अंडी जप्त होतील.

"जप्त करून ती उबवणार कोण?"

"भांडार विभागात लोखंडी कपाट आहे. चांगलं तापतं ते," पिसाळ म्हणाले. त्यांना खरोखर वाटत होतं की ही सोय बरी आहे.

त्या संध्याकाळी वत्सलाबाईंनी दिगंबररावांना सगळं सांगितलं. काय झालं, कसं झालं, आपलीच अक्कल कशी गहाण पडली. "मी त्या पाखराचं घर घालवलं हो," त्या म्हणाल्या. पेपर हलला नाही. "फलाट तीन" येणार हे त्यांना माहीत होतं, आणि आज ते ऐकायची ताकद नव्हती. म्हणून त्यांनी बोलणं थांबवलं आणि ते ओळखपत्र पेपराच्या वरून ह्यांच्या मांडीवर टाकलं. मग खुर्चीत बसून त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या.

पेपर खाली आला.

"हे माझे कान," दिगंबरराव म्हणाले.

"हो."

"विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. तुम्ही 'लागेल थोड्या वेळात' म्हणालात."

त्यांना ते पटलं. त्यांनी ओळखपत्र दिव्याजवळ नेलं, लांब धरलं, जवळ धरलं. भिंतीवरच्या आजोबांकडे एकदा बघितलं, वडिलांकडे बघितलं. "पाखराला बरे दिसतात की," ते म्हणाले. आणि मग ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या चौकशीला उत्तरं दिली, त्यानं स्वतः चौकशी केली. "अंडी किती आहेत म्हणालीस?"

सोमवारी सकाळी दिगंबररावांनी दाढी केली, केस पाण्यानं मागे बसवले, हिरवट रंगाचा सदरा घातला आणि अंजिराखाली जाऊन उभे राहिले. पिसाळ आले. वत्सलाबाई खिडकीतून बघत होत्या. हातात कणकेचा गोळा होता, तो त्यांनी इतका मळला की त्याची पोळी पुढे कुणाला लाटता आली नाही.

"पत्रधारक हजर आहे का?" पिसाळांनी विचारलं.

"हजर," दिगंबरराव म्हणाले.

"नाव?"

"कार्डावर आहे तेच."

पिसाळांनी भिंग काढलं. उजवा कान बघितला. ओळखपत्र बघितलं. मग वळसा घालून डाव्या बाजूला गेले, आणि तिथं त्यांचा चेहरा खुलला. "बाहेरचा बाक! बरोबर आहे. अगदी तंतोतंत." मग त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. "लांबी तेरा सेंटिमीटर लिहिलीय. तुम्ही जास्त वाटता."

"पावसाळी हवा आहे. फुगायला होतं."

पिसाळांना हे मान्य करणं भाग होतं. नगरपरिषदेचे दरवाजेही पावसाळ्यात फुगायचे, आणि तेव्हा दरवाजा बदलला असं कुणी म्हणत नसे.

"शिवण येतं?"

"बटण लावता येतं. काजं नाही."

"तेवढं पुरे." पिसाळांनी लिहून घेतलं. मग भिंगानंच वर फांदीकडे दाखवलं. "आणि ही कोण?"

शिंपीण घरट्यातून डोकं बाहेर काढून बघत होती. दिगंबररावांनी तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं.

"ती घरातलीच आहे," ते म्हणाले.

पिसाळांनी 'कुटुंबीय' असं लिहिलं आणि शिक्का मारला. घरटं कायम झालं. अट एकच, पत्रधारकानं कचेरीच्या वेळेत घरट्यापाशी राहायचं, कधीही तपासणी होऊ शकते.

मग काय, दिगंबरराव रोज सकाळी डबा घेऊन अंजिराखाली खुर्ची टाकून बसायला लागले. पाऊस आला की छत्री. पहिले दोन दिवस त्यांनी पेपर नेला. पण पेपर वाचताना मांजर कुठून आलं ते कळेना, म्हणून पेपर बंद झाला. डोळ्यांपेक्षा कानांनी आधी कळतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. पाचोळा वाजला की मांजर. वरून घुमल्यासारखा आवाज आला की भारद्वाज. एकदा तो भारद्वाज अंड्यांवर डोळा ठेवून थेट फांदीवर उतरला. दिगंबररावांनी खुर्चीतून न उठता चौकशीच्या खिडकीतल्या आवाजात विचारलं, "ओळखपत्र?" त्याच्याकडे ते नव्हतं. मोठ्यांच्या खात्यात अजून फायली पडून होत्या. तो खाली मान घालून निघून गेला आणि परत आला नाही.

शिंपीण चरायला गेली की जाताना दोनदा ओरडायची. दिगंबरराव "हं, जा" म्हणायचे. मग एक दिवस स्वयंपाकघरातून वत्सलाबाई सवयीनं, उत्तराची आशा न ठेवता म्हणाल्या, "अहो, भाजी कसली करू?"

"दोडका कर," बाहेरून उत्तर आलं. "शिरा काढून चटणी कर त्याची. आणि मीठ बेतानं."

वत्सलाबाईंच्या हातातला डाव खाली पडला. मग त्या दिवसभर काहीबाही विचारत राहिल्या. दूध उतू गेलं का, आभाळ भरलंय का, शेजारच्या सुमनताईंची सून आली का. सगळ्याची उत्तरं आली. काही तर खोलात जाऊन आली. संध्याकाळी त्यांना भडभडून आलं, पण ते कांद्यावर ढकलता आलं.

अंडी फुटली. पिल्लं निघाली. पिसाळांचा निरोप आला की जन्मनोंद करून घ्या, प्रत्येकी एक फोटो, नियम तेच.

पिल्लांना पिसं फुटेपर्यंत वत्सलाबाई थांबल्या. मग शिंपीण अळ्या आणायला गेलेली बघून खिडकीतूनच, लांबच्या लेन्सनं, तिघांचे फोटो काढले. त्या कॉम्प्युटरशी बसल्या. कानांचा थर त्यांनी जपून ठेवलाच होता. तो उघडून तयार ठेवला, आणि पहिलं पिल्लू मोठं करून पडद्यावर घेतलं.

त्यांनी थर बंद केला. दुसरं पिल्लू घेतलं. मग तिसरं.

"अहो!" त्यांनी हाक मारली.

पहिल्याच हाकेला दिगंबरराव आत आले. आता ते येत असत. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावर वाकले. तिन्ही पिल्लांना कान होते. रुंद, पातळ, मागून सकाळचं ऊन आलेलं, म्हणून गुलाबी. डावा जरासा बाहेर.

मग दिगंबरराव बैठकीत गेले. आजोबांच्या आणि वडिलांच्या फोटोंवर धूळ नव्हतीच, तरी त्यांनी ती सदऱ्याच्या टोकानं पुसली.

"आई असायला हवी होती," ते तिथूनच म्हणाले.

वत्सलाबाईंनी पार्श्वभूमी पांढरी केली. बाकी कशाला हात लावला नाही.

दोन फोटो त्याच दिवशी मंजूर झाले. पिसाळ म्हणाले की कान कसे असावेत याचा नमुना म्हणून ते फलकावर लावायला हरकत नाही. तिसरा परत आला. शेरा होता, तोंड उघडे आहे. वत्सलाबाईंनी पुन्हा चार वेळा फोटो काढला, चारही वेळा तोंड उघडंच. ते पिल्लू उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बोलतच असायचं.

अंजिराखालच्या खुर्चीतून दिगंबरराव तो शेरा वाचून हसले.

"कान माझ्यावर गेलेत," ते म्हणाले. "तोंड तुझ्यावर."

एरवी वत्सलाबाईंनी अशा बोलण्याची चांगली परतफेड केली असती. पण त्या कॅमेरा तसाच हातात धरून खिडकीत उभ्या राहिल्या, आणि ऐकू आलं नाही असं सांगून त्यांनी ते वाक्य ह्यांना पुन्हा म्हणायला लावलं.